नेमक्या तांत्रिक कामासाठी फ्रीलान्स तज्ज्ञ कसा शोधायचा: मराठवाड्यातल्या छोट्या उद्योजकांसाठी

लातूरच्या एमआयडीसीतल्या डाळमिल मालकाला ड्रायरचं तापमान मोबाईलवर बघायचं असतं. जालन्याच्या रोलिंग मिलला जुन्या पॅनलमधला पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, बदलायचा असतो. परभणीकडच्या एखाद्या शेतकरी कंपनीला गोदामातल्या सोयाबीनचा ओलावा रोजच्या रोज कळायला हवा असतो. काम महिना-दोन महिन्यांचं. त्यासाठी पगारावर इंजिनिअर ठेवणं परवडत नाही आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्या एवढ्या लहान कामाला हात लावत नाहीत. मग "कुणी ओळखीचा आहे का हो?" अशी फोनाफोनी सुरू होते आणि बहुतेक वेळा जो पहिला भेटतो त्यालाच काम दिलं जातं.

कारखानदाराच्या बाजूने बसून अशी कामं करून घेणं हा माझा व्यवसाय आहे. चांगली माणसं आपल्याकडे आहेत, वाळूजच्या शॉप फ्लोअरवर तयार झालेली तर भरपूर आहेत. ती सापडत नाहीत याचं मुख्य कारण म्हणजे आपल्याला नेमकं काय हवंय हे आपणच कागदावर उतरवलेलं नसतं. आणि काम झाल्यावर भांडण होतं, कारण प्रोग्राम कुणाचा, पासवर्ड कुणाकडे, हे आधी ठरलेलं नसतं. या दोन गोष्टी सांभाळल्या की मधलं सगळं जमण्यासारखं आहे. पहिल्यांदाच असं काम देणाऱ्याने कोणत्या क्रमाने जावं ते पुढे लिहिलं आहे. समजायला सोपं जावं म्हणून डाळमिलच्या ड्रायरचं एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे.

१. आधी काम लिहून काढा

"ऑटोमेशन करायचंय" एवढ्यावर कुणी खरा दर सांगू शकत नाही. जो लगेच सांगतो त्याच्यापासून जपून राहा.

एक दिवस काढा आणि मोबाईल घेऊन मशीनभोवती फिरा. प्रत्येक मोटरच्या, ड्राइव्हच्या, कंट्रोलरच्या नेमप्लेटचा फोटो घ्या. पॅनलचं दार उघडून आतला फोटो घ्या, टर्मिनलवरचे नंबर वाचता येतील असा. जुनं वायरिंग ड्रॉइंग असेल तर शोधून काढा. ड्रायरपासून ऑफिसपर्यंत अंतर किती, मध्ये भट्टी किंवा मोठ्या मोटरची केबल आहे का, शेडमध्ये मोबाईलची रेंज येते का, दिवसातून लाइट किती वेळा जाते, हे सगळं टिपा.

मग काम संपल्यावर काय दिसायला हवं ते चार ओळींत लिहा. उदाहरणार्थ: "ड्रायरच्या तीन ठिकाणचं तापमान ऑफिसात आणि माझ्या मोबाईलवर दिसावं. ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं तर भोंगा वाजावा. लाइट जाऊन आली तरी आधीच्या सेटिंग तशाच राहाव्यात. मागच्या सहा महिन्यांची नोंद एक्सेलमध्ये काढता यावी." यात एकही तांत्रिक शब्द नाही, तरी जाणकाराला यातून निम्मं काम कळतं. मागणीचं कारणही लिहा. तूर जास्त वाळली की तुकडा आणि चुनी वाढते, कमी वाळली तर साल नीट सुटत नाही. हे कारण वाचल्यावर चांगला माणूस स्वतःहून विचारतो, "मग तापमान कशाला, ओलावाच मोजू या का?" असा प्रश्न विचारणारा माणूस तुमच्या कामाचा आहे.

काय नको आहे तेही लिहा. "सध्याचा पॅनल बदलायचा नाही", "हंगामात मिल दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवता येणार नाही" अशा ओळींनी पुढचे निम्मे गैरसमज टळतात.

२. एक माणूस लागेल की तीन?

आपल्या कामात पॅनलचं वायरिंग आहे, पीएलसीचा प्रोग्राम आहे आणि मोबाईलवर दाखवणारा भाग आहे. तिन्ही चांगलं येणारा एकच माणूस क्वचित मिळतो. वायरिंगला लातूरचाच चांगला पॅनलवाला चालतो. बाहेरून आणायचा तो प्रोग्रामवाला. मोबाईलचा भाग तर घरबसल्या कुणीही, कुठूनही करू शकतो.

मात्र तिघे घेतले तर जबाबदारी एकाचीच ठेवा. नाहीतर आकडा चुकीचा दिसायला लागला की पॅनलवाला प्रोग्रामकडे बोट दाखवतो, प्रोग्रामवाला सेन्सरकडे, आणि तुम्ही मध्ये. माझ्या मते जबाबदारी प्रोग्रामवाल्याकडे असावी, कारण दोन्ही बाजूंची सांगड त्यालाच घालायची असते.

३. कुठे शोधायचं

सुरुवात सुट्या भागांच्या डीलरपासून करा. सीमेन्स, डेल्टा, मित्सुबिशी, श्नायडर यांचा माल विकणारे डीलर संभाजीनगरात आहेत. कोणता माणूस महिन्याला किती पीएलसी नेतो, कुणाचा माल परत येतो, कोण सारखा फोन करून शंका विचारतो, हे डीलरच्या काउंटरवरच्या माणसाला पक्कं माहीत असतं. "अमुक मॉडेलवर काम करणारे तीन जण सांगा" असं विचारा. एकच नाव मागितलं तर तो जवळच्याचं सांगेल. मॉडेल सांगणं महत्त्वाचं, कारण डेल्टावर हात बसलेल्या माणसाला सीमेन्सचा एस७-१२०० दिला तर शिकण्यात जाणारा वेळ तुमच्या खर्चाने जातो.

दुसरी जागा म्हणजे वाळूज, चिखलठाणा आणि शेंद्रा या संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहती. १९८० च्या दशकात बजाज वाळूजला आली आणि तिच्या मागे सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली. त्यातून मेंटेनन्स आणि टूलरूममध्ये मुरलेली मोठी पिढी तयार झाली. त्यातले बरेच जण आता निवृत्त आहेत किंवा स्वतःचं काम करतात. सीएमआयए आणि मासिआ या उद्योजकांच्या संघटनांच्या ऑफिसात जाऊन विचारा, त्यांच्या कार्यक्रमांना आणि प्रदर्शनांना जा. स्पेशल पर्पज मशीन (एकाच ठरावीक कामासाठीची मशीन) बनवणाऱ्यांच्या स्टॉलवर थांबलात की प्रोग्राम कुणी केला ते कळतं. सध्या नोकरीत असलेला माणूस "रविवारी येऊन करतो" म्हणाला, तर त्याच्या कंपनीची परवानगी आहे का ते स्पष्ट विचारा. ती नसेल तर काम अर्ध्यावर सुटण्याचा धोका आहे, आणि त्याची नोकरीही आपल्यामुळे धोक्यात येऊ नये.

तिसरी जागा कॉलेज. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी अभियांत्रिकी विभाग. सेन्सर निवडणं, ओलावा मोजण्याची पद्धत ठरवणं, अशा अभ्यासाच्या प्रश्नांना प्राध्यापकांचा सल्ला उत्तम. इलेक्ट्रॉनिक्स आणि एम्बेडेडसाठी (यंत्रात बसवलेल्या चिपच्या प्रोग्रामसाठी) संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरातली नायलिट ही सरकारी संस्था, डाय-मोल्ड आणि कॅड-कॅमसाठी इंडो-जर्मन टूल रूम, नमुना बनवून तपासायचा असेल तर वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर. चालू मिलमध्ये रात्री अकरा वाजता बिघाड आला तर धावून येण्याचं काम मात्र यांच्याकडून अपेक्षित धरू नका. विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट म्हणून काम द्यायचा मोह होतो. नमुना करण्यापुरतं ठीक आहे, पण ज्या मशीनवर तुमचा हंगाम उभा आहे ते परीक्षेच्या वेळापत्रकावर सोडू नका.

चौथी जागा ऑनलाइन. लिंक्डइनवर "ऑटोमेशन एक्स्पर्ट" शोधलंत तर शेकडो नावं येतील आणि काही कळणार नाही. सॉफ्टवेअरचं किंवा प्रोटोकॉलचं (यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतीचं) नाव टाकून शोधा: टीआयए पोर्टल (सीमेन्स पीएलसीचं सॉफ्टवेअर), मॉडबस (असा एक प्रोटोकॉल), नोड-रेड (यंत्रांची माहिती जोडून दाखवणारं सॉफ्टवेअर). मग ठिकाण पुणे, संभाजीनगर, नाशिक असं लावा. अपवर्क किंवा फ्रीलान्सरसारख्या साइट मोबाईल ॲप, डॅशबोर्ड, ड्रॉइंग, सर्किट बोर्डाची रचना अशा दुरून होणाऱ्या कामांना चांगल्या. ठरलेल्या रकमेच्या कामात अपवर्क पैसे आधी स्वतःकडे अडकवून ठेवतं आणि टप्पा मंजूर झाला की सोडतं, त्यामुळे अनोळखी माणसाशी व्यवहार करताना दोन्ही बाजूंना आधार राहतो. जागेवर येऊन करायच्या कामाला या साइट फारशा उपयोगी पडत नाहीत. प्रोग्रामरचं गिटहबवर (प्रोग्राम ठेवायच्या साइटवर) खातं असेल तर बघा. किती प्रोजेक्ट आहेत यापेक्षा लोकांनी दाखवलेल्या चुका त्याने दुरुस्त केल्या का, माहितीची फाइल नीट लिहिली आहे का, हे जास्त सांगून जातं.

पुण्याचा माणूस घ्यायला हरकत नाही, फक्त लातूर तिथून सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे हे दर ठरवताना लक्षात ठेवा. येण्या-जाण्याचा दिवस तो लावणारच, आणि ते रास्त आहे.

४. पहिलं बोलणं

तीन-चार नावं हाती आली की प्रत्येकाला तो लिहिलेला कागद आणि फोटो पाठवा. दोन दिवसांनी फोन करा. कागद वाचला आहे की नाही ते पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

तुम्ही तंत्रज्ञ नसलात तरी विचारता येतील असे दोन प्रश्न सांगतो.

पहिला: "सेन्सरची वायर उंदराने तोडली तर स्क्रीनवर काय दिसेल?" कारखान्यात तापमान, दाब वगैरेचा सिग्नल बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये आणतात. सगळ्यात कमी मापाला ० न ठेवता ४ ठेवण्याचं कारणच हे, की वायर तुटली तर प्रवाह शून्यावर येतो आणि यंत्राला कळतं की हे माप नसून बिघाड आहे. "४ च्या खाली गेलं की सेन्सर फॉल्टचा अलार्म देतो आणि ड्रायर सुरक्षित स्थितीत नेतो" असं काहीसं उत्तर यायला हवं. "तसं काही होत नाही हो साहेब" म्हणणाऱ्याने अजून पुरेशा वायरी तुटलेल्या पाहिल्या नाहीत.

दुसरा: "पीटी-१०० दोन वायरवर घेणार की तीन?" पीटी-१०० हा तापमानाचा नेहमीचा सेन्सर, शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम असतो आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. दोन वायरवर घेतला तर लांब केबलचा रोधही त्यातच मोजला जातो. केबलने एक ओहम जरी वाढवला तरी आकडा अडीच अंशांहून जास्त चढा दिसतो. तीन वायर घेतल्या की केबलचा रोध वजा करता येतो. हे ज्याला ठाऊक आहे तो एका वाक्यात सांगेल, किंवा "सेन्सरच्या डोक्यातच ट्रान्समीटर बसवू" (म्हणजे माप तिथेच ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये बदलू) असा दुसरा चांगला मार्ग सुचवेल.

तुमचं काम वेगळ्या क्षेत्रातलं असेल तर असेच दोन प्रश्न डीलरकडून किंवा कॉलेजातल्या ओळखीच्या सरांकडून तयार करून घ्या. प्रश्न बिघाडाचे असावेत. सगळं सुरळीत चालू असताना काय होतं, ते माहितीपत्रकात वाचूनही सांगता येतं.

आधीच्या दोन ग्राहकांचे नंबर मागा आणि खरंच फोन करा. "काम कसं झालं?" असं विचारलं की सगळे "चांगलं" म्हणतात. त्याऐवजी विचारा, "काम संपल्यावर सहा महिन्यांनी काही अडलं तेव्हा त्यांनी फोन उचलला का?"

५. आधी लहान काम, पैसे देऊन

पूर्ण काम देण्याआधी एक लहान तुकडा द्या आणि त्याचे ठरवून पैसे द्या. फुकट नमुना मागू नका, चांगला माणूस तिथेच निघून जातो. आपल्या उदाहरणात सगळ्यात उपयोगी तुकडा म्हणजे मिलमध्ये एक दिवस येऊन इनपुट-आउटपुटची यादी, पॅनलचं कच्चं ड्रॉइंग आणि सामानाची यादी करून देणं. कोणता सेन्सर कुठल्या टर्मिनलवर, कोणती मोटर कुठल्या आउटपुटवर, सगळं त्या यादीत येतं.

यात तो माणूस कसा काम करतो ते दिसतंच. पुढे जमलं नाही तरी ती यादी घेऊन तुम्ही दुसऱ्याकडे जाऊ शकता. सामानाच्या यादीत त्याने उन्हाळ्याचा विचार केलाय का ते बघा. बहुतेक पीएलसी ५०-५५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, ड्रायरशेजारी, बंद पॅनलच्या आत हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. पॅनल कुठे बसवायचा, पंखा आणि धुळीचा फिल्टर कसा लावायचा हे त्याने न विचारता लिहिलं असेल तर माणूस पक्का करायला हरकत नाही.

६. कागदपत्रं

या टप्प्यावर आपल्याकडे "अहो, विश्वासावर चालतं" म्हणून पुढे जातात. विश्वास असावाच, पण करार लिहिलेला असला की दोघांचाही विश्वास टिकतो. करार मराठीत, दोन पानी असला तरी चालेल.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मालकीचा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामची मालकी, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाची असते. फ्रीलान्सर नोकर नसतो. पैसे तुम्ही दिले तरी लेखी हस्तांतरण नसेल तर प्रोग्रामचा कॉपीराइट त्याचाच राहतो. हस्तांतरण लिहितानाही मुदत आणि प्रदेश नमूद करा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्याने स्वतःच्या जुन्या कामातले काही तयार तुकडे वापरले असतील तर ते त्याचेच राहू द्या, तुम्हाला ते कायम वापरण्याचा आणि दुसऱ्याकडून बदलून घेण्याचा हक्क मिळाला की पुरे.

याच्या जोडीला व्यवहारातली ओळ: "पीएलसी आणि स्क्रीनचा मूळ, संपादन करता येणारा प्रोग्राम पासवर्डसह द्यावा." ही ओळ नसल्याने अडकलेले कारखाने मी पाहिले आहेत. पीएलसीला पासवर्ड लावलेला असतो, करणारा माणूस शहर सोडून गेलेला असतो, आणि एक टायमर बदलायला अख्खा प्रोग्राम नव्याने लिहावा लागतो. स्क्रीनचं तर आणखी अवघड. बऱ्याच एचएमआयमध्ये (पॅनलवरच्या या स्क्रीनमध्ये) भरलेली फाइल परत काढली तरी ती संपादन करता येत नाही, मूळ फाइलच लागते.

मोबाईलवर माहिती पाठवणाऱ्या गेटवेचं सिम कार्ड तुमच्या फर्मच्या नावावर घ्या. क्लाउडचं खातं तुमच्या ईमेलवर उघडा आणि फ्रीलान्सरला फक्त वापरायची परवानगी द्या.

"माझ्यानंतर लातूरमधल्या दुसऱ्या कुठल्याही मिलचं काम करायचं नाही" अशी अट बरेच मालक घालायला बघतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे काम संपल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही. तुमची गुपितं, म्हणजे रेसिपी, तापमानाच्या मर्यादा, उत्पादनाचे आकडे, बाहेर न सांगण्याची अट मात्र घालता येते. तीच घाला.

पैशाचे टप्पे कामाच्या टप्प्यांना बांधा. मी साधारण असं सुचवतो: कामाच्या ऑर्डरबरोबर २० टक्के, प्रोग्राम टेबलावर चालवून दाखवला की ३० टक्के, मिलमध्ये चालू झालं की ४० टक्के, आणि महिनाभर बिनतक्रार चाललं की उरलेले १० टक्के. सामानाचे पैसे यात धरू नका, ते वेगळे आणि शक्यतो थेट डीलरला द्या. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कोणाचा तेही लिहा.

करांचं आधीच सांगून टाका, म्हणजे बिलाच्या वेळी मन कडू होत नाही. तुमची कंपनी किंवा भागीदारी असेल, किंवा वैयक्तिक धंद्याची मागच्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या वर असेल, तर वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त फी देताना टीडीएस कापावा लागतो. तांत्रिक सेवेला २ टक्के, व्यावसायिक सेवेला १० टक्के. आपलं काम कशात मोडतं ते सीएला विचारा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर फ्रीलान्सरला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे बिलात जीएसटी नाही म्हणून शंका घेऊ नका. त्याची उद्यम नोंदणी असेल तर पैसे लेखी करारातल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर केलात तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात धरता येत नाही. परदेशातला माणूस घेणार असाल तर पहिला रुपया पाठवण्याआधी सीएकडे जा.

७. काम चालू असताना

आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोन, आणि झालेलं बोलणं व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून पाठवणं, एवढं पुरतं. मध्येच नवी मागणी सुचली की ("आता भट्टीपण जोडू या ना त्यालाच") ती वेगळी लिहा, तिचे वेगळे पैसे आणि दिवस ठरवा.

प्रोग्राम मिलमध्ये आणण्याआधी टेबलावर चालवून बघायचा आग्रह धरा. खऱ्या सेन्सरऐवजी सिग्नल देणारं छोटं यंत्र लावून सगळे अलार्म तपासता येतात. ऑक्टोबरनंतर माल यायला लागल्यावर चालू मिलमध्ये प्रयोग करणं कुणालाच परवडत नाही.

दुरून दुरुस्तीसाठी त्याला एनीडेस्कसारखं, दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवू देणारं सॉफ्टवेअर लागेल. तुमच्या हिशोबाच्या कॉम्प्युटरवर ते देऊ नका. एक जुना लॅपटॉप त्याच कामासाठी ठेवा आणि गरज असेल तेव्हाच इंटरनेटला जोडा.

८. ताबा घेताना

पहिल्या पानावर लिहिलेल्या त्या चार ओळी पुढे ठेवा आणि एकेक समोर करून बघा. बॅच चालू असताना मेन स्विच पाडा. लाइट आल्यावर सेटिंग तशाच आहेत का, आणि मोटर कुणी बटण न दाबता आपोआप सुरू तर झाली नाही ना, हे बघा. आपोआप सुरू होणं जिवावर बेतू शकतं, कारण लाइट गेल्यावर कामगार अडकलेला माल काढायला हात घालतात. एका सेन्सरची वायर सोडवा, भोंगा वाजतो का पाहा. तापमानाचा आकडा साध्या हातातल्या मीटरशी ताडून बघा.

मग शेवटची परीक्षा. त्याच मॉडेलचा एक पीएलसी जादा घेऊन ठेवलेला असावा. तुमच्या रोजच्या इलेक्ट्रिशियनला बसवा, पेन ड्राइव्हवरचा बॅकअप त्याच्या हाताने त्या कोऱ्या पीएलसीत भरायला लावा, आणि मिल त्यावर तासभर चालवा. तज्ज्ञाने शेजारी उभं राहायचं, हात लावायचा नाही. जिथे इलेक्ट्रिशियन अडेल तिथली पायरी मराठीत लिहून, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून पॅनलच्या दाराच्या आत चिकटवा. पेन ड्राइव्हची एक प्रत ऑफिसच्या तिजोरीत, एक घरी. हे झालं की ताब्याच्या कागदावर सही करा, आणि महिना सुरळीत गेल्यावर उरलेले दहा टक्के त्याने मागायच्या आत पाठवा.